हमीभाव, सातबारा आणि मजुरी

शिबिराच्या शेवटच्या सत्रात एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. २०२४ चा सोयाबीनचा हंगाम सुरू होता. सरकारने क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता आणि आमच्याकडच्या मोंढ्यात बोली चार-सव्वाचार हजारांच्या वर सरकत नव्हती. तालुक्याला हमीभावाचा मोर्चा निघणार होता. 'सर, आपण त्या मोर्चात जायचे की नाही?' एवढाच त्याचा प्रश्न. त्याच्या घरी जमीन नाही. त्याची आई गावातल्याच एका शेतकऱ्याचे सोयाबीन गुत्त्याने काढायला जाते. शिबिराला बसलेल्या निम्म्याहून अधिक मुलांची घरे अशीच होती.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. शेतमालाला भाव मिळाला की शेतमजुराला मजुरी आपोआप मिळेल, हे पहिले. १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाचे आंदोलन पेटले, तेव्हापासून ते आपण ऐकत आलो आहोत. दुसरे उत्तर आपल्या वस्तीतले. ज्यांनी आमच्यावर बहिष्कार टाकले, पाणवठे बंद केले, त्यांच्या भावासाठी आम्ही का उन्हात चालायचे? पहिल्या उत्तरात भाबडेपणा आहे. दुसऱ्यात राग आहे आणि तो फुकाचा नाही. पण भाव ठरतो कसा, त्यात मजुराचा वाटा कुठे धरलेला असतो आणि तो वाटेत कुठे गळतो, याचा हिशोब दोन्ही उत्तरांत नाही. कार्यकर्त्याला तो यायला हवा, म्हणून येथे मांडतो.

हमीभावाचे सरकारी नाव 'किमान आधारभूत किंमत'. जानेवारी १९६५ मध्ये केंद्र सरकारने कृषी मूल्य आयोग नेमला, प्रा. दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष. १९८५ पासून त्याला कृषी खर्च व मूल्य आयोग म्हणतात. त्या वेळी देशात धान्याची टंचाई होती, परदेशी गव्हावर रेशन चालत होते, आणि शेतकऱ्याने नवे बियाणे व खत वापरावे यासाठी त्याला किमतीचा आधार हवा होता. आयोग शिफारस करतो, सरकार भाव जाहीर करते. त्यामागे कायदा नाही. हमीभावाखाली माल विकावा लागला म्हणून शेतकऱ्याला कोणाला कोर्टात खेचता येत नाही. 'हमी' हा शब्द आपण मराठी माणसांनी मायेने जोडलेला आहे. २०१५ साली शांताकुमार समितीने दाखवून दिले की, आधारभूत किमतीला सरकारी यंत्रणेकडे माल विकू शकणारे शेतकरी देशात शंभरात सहाच होते.

आता भावाच्या पोटात शिरू. आयोग तीन प्रकारचे खर्च मांडतो. बियाणे, खत, फवारणी, नांगरट, पाणी आणि मजुरांना प्रत्यक्ष दिलेली मजुरी असा खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत धरली की दुसरा आकडा होतो. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज चढवले की सी-२. २०१८ पासून केंद्र सरकार दुसऱ्या आकड्याच्या दीडपट भाव धरते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला, भाव ५,३२८ रुपये. मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च ५,१४० आणि भाव ७,७१०. शेतकरी संघटना म्हणतात की दीडपट सी-२ ची हवी. तो वाद खरा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते पहिल्या आकड्यातल्या एका रकान्याबद्दल.

मजुरांना प्रत्यक्ष दिलेली मजुरी. हे शब्द पुन्हा वाचा. द्यायला हवी होती ती मजुरी नव्हे, दिली ती. निवडलेल्या शेतकऱ्यांकडे माहिती गोळा करणारा माणूस जातो, कोणत्या कामाला किती मजूर लागले आणि काय दिले हे लिहून घेतो. शेतकऱ्याने बायांना निंदणीचे दोनशे दिले असतील तर दोनशेच लिहिले जाणार. तेच काम पुरुषाने केले तर तीनशे का, हा प्रश्न त्या तक्त्यात बसत नाही. गावात मजुरी कमी का असते? मजुराजवळ दुसरे काम नसते, त्याने मालकाकडून उचल घेतलेली असते, त्याचे घर ज्या जागेवर आहे तिचा कागदही अनेकदा त्याच्याजवळ नसतो आणि रानातून जळण आणायलासुद्धा त्याला कोणाची तरी मर्जी सांभाळावी लागते. म्हणजे जात आणि भूमिहीनता यांनी मिळून पाडलेली मजुरी दिल्लीच्या कागदावर 'उत्पादन खर्च' होऊन बसते. मजुरी कमी म्हणून खर्च कमी दिसतो, खर्च कमी म्हणून भाव कमी ठरतो, आणि भाव कमी आहे म्हणून मजुरी वाढवता येत नाही असे शेतकरी सांगतो. तो खोटे बोलत नाही. कोरडवाहू तीन एकरांचा धनी आणि त्याच्या रानात खुरपणारी बाई एकाच रहाटाला जुंपलेली आहेत. फरक इतकाच की, रहाट थांबला तर त्याच्याजवळ निदान जमीन उरते.

मग भाव वाढला की मजुरी वाढते का? कापसाचे उदाहरण घेऊ. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. असा भाव कोणी पाहिला नव्हता. पण वेचणी सुरू होते दसरा-दिवाळीला आणि बाईला किलोमागे मिळायचे ते त्याच आठवड्यात मिळते. भाव चढला तेव्हा पहिल्या दोन वेचण्या आटोपल्या होत्या. ज्याच्या घरात गंजी लावायला जागा होती आणि ज्याला सावकाराची घाई नव्हती त्याला वाढीव पैसा मिळाला. लहान शेतकऱ्याचा कापूस आधीच खेडा खरेदीत गेला होता. वेचलेल्या कापसाचा भाव वाढला म्हणून कोणी वेचणाऱ्या बाईला बोलावून फरक दिला, असे मी तरी ऐकलेले नाही. आमच्या भागात वेचणीचा दर वाढतो तो वेगळ्याच रीतीने. कापूस फुटून लोंबायला लागतो, पावसाचे ढग दिसतात, आणि एका वस्तीतल्या बाया ठरवून दोन दिवस घरी बसतात. मग तिसऱ्या दिवशी मालकाची जीप वस्तीत येते. मजुरी वाढते ती मजुराला नाही म्हणता येते तेव्हा.

हे नाही म्हणण्याचे बळ रोजगार हमीने दिले होते. दुष्काळाच्या होरपळीतून उभ्या राहिलेल्या योजनेला महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. खडी फोडण्याचे काम हलके नव्हते, पण तिथे मालक नव्हता. 'हमीच्या कामामुळे मजूर मिळत नाहीत' ही बड्या बागायतदारांची ओरड तेव्हापासूनची आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर ती देशभर ऐकू आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस शंभराचे सव्वाशे केले आहेत, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. म्हणजे मजुराच्या शब्दाला वर्षात ज्या दिवसांत किंमत येते, नेमक्या त्या दिवसांत त्याची दुसरी वाट बंद. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात शेतमजुरी पहिल्यापासून होती आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली. पण शेताच्या बांधावर त्यासाठी आलेला सरकारी निरीक्षक मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

भाव देणे जमत नाही तेव्हा सरकार रोख मदत देते. पंतप्रधान किसान सन्मान निधी फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. आधी पाच एकरांची मर्यादा होती, त्याच वर्षी ती उठवली. २०२३ साली महाराष्ट्राने आपले आणखी सहा हजार घातले. पात्रतेची पहिली अट जमीन नावावर असण्याची. शेतात कोण राबतो हे कोणी विचारत नाही. पुण्यात दुकान चालवणाऱ्या आणि शेत ठोक्याने देऊन टाकलेल्या माणसाला हप्ता मिळू शकतो. ते शेत ठोक्याने कसणाऱ्याला नाही, त्यात निंदणाऱ्या बाईला नाही, आणि पाडव्याला साल ठरवून वर्षभर राबणाऱ्या सालगड्यालाही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात शेतमजूर १४ कोटी ४३ लाख आणि शेतकरी ११ कोटी ८८ लाख होते. म्हणजे शेतीत राबणाऱ्यांची बहुसंख्या शेतीच्या मदतीबाहेर उभी आहे.

यावर अधिकारी सांगतात की, भूमिहीनांची नोंदच नाही, त्यांना शोधणार कसे? ओडिशाने २०१८-१९ मध्ये 'कालिया' योजनेत भूमिहीन कुटुंबांना शेळ्या, कोंबड्या, अळिंबी अशा धंद्यांसाठी साडेबारा हजार रुपये देऊ केले. छत्तीसगडने २०२१ मध्ये भूमिहीन शेतमजुरांसाठी वार्षिक रोख मदत सुरू केली आणि सरकार बदलल्यावरही, नाव बदलून आणि रक्कम वाढवून, ती चालू ठेवली. त्यांना मजूर सापडले.

आणखी एक गोष्ट मला सतत टोचते. हमीभावाच्या प्रत्येक सभेत स्वामिनाथन आयोगाचे नाव निघते. खर्चावर पन्नास टक्के, हे वाक्य लहान पोरालाही पाठ आहे. त्याच आयोगाच्या कामातून २००७ चे राष्ट्रीय शेतकरी धोरण निघाले आणि त्यात 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तिच्यात शेतमजूर आहे, बटईदार आहे, कूळ आहे, मेंढपाळ आहे, मासेमारी करणारा आहे. ही व्याख्या मी अजून एकाही व्यासपीठावरून ऐकलेली नाही. टक्केवारी सगळ्यांनी घेतली, माणूस सोडून दिला.

आपल्यात शेतकरी नाहीत असे मात्र कोणी समजू नये. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांपैकी सुमारे १२ टक्के अनुसूचित जातींचे होते आणि त्यांच्याकडचे क्षेत्र साडेआठ टक्क्यांच्या आसपास. ही जमीन कशी आली तेही माहीत हवे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि महारवतनाच्या जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून, नव्या शर्तीवर परत घ्याव्या लागल्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो बायाबापड्या तुरुंगात गेल्या. मराठवाड्यात लोकांनी गायराने नांगरली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नावावर करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला, पण आजही अनेकांच्या हाती सातबारा नाही, आहे ती दंडाची पावती. असा माणूस सोयाबीन पिकवतो ते इतरांसारखेच. पण हमीभावाच्या खरेदी केंद्रावर पीकपेऱ्याचा सातबारा मागतात. तो नाही म्हणून त्याचे पोते गावातल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर, त्याच्या भावाने जाते. पीककर्ज नाही, विमा नाही. २०२५ पासून महाराष्ट्रात योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही जमिनीच्या नोंदीवरच उभा. सोयाबीनच्या दाण्यावर जात लिहिलेली नसते. खरेदी केंद्राच्या टेबलावर ती अशी कागदाच्या रूपाने येते.

बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा असे मांडले होते. जमीन राज्याची, ती गावकऱ्यांनी जातपात न पाहता सामुदायिकपणे कसायची, बैल-अवजारे-बियाणे-पाणी राज्याने पुरवायचे. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्गच उरू नयेत अशी ती रचना. ते झाले नाही आणि आज कोणी ते मागतही नाही. पण त्यातली एक गोष्ट आजच्या वादालाही लागू आहे. राज्याचा पैसा शेतीत जाणार असेल तर तो मालकीच्या मागे जावा की श्रमाच्या, हा प्रश्न त्यांनी भावाच्या आधी ठेवला होता.

त्या मुलाला मी जे सांगितले ते असे. हमीभावाला विरोध करू नकोस. तुझ्या घरी रेशनवर येणारा तांदूळ आणि गहू हमीभावाने केलेल्या खरेदीतूनच येतो. ती खरेदी मोडली तर आधी तुझे ताट रिकामे होईल. तूरडाळ आणि तेल आपण बाजारातून विकत घेतो, तिथे भाव वाढला की आपल्याला चटका बसतो, हेही खरे. म्हणून नुसता घोषणा द्यायला जाऊ नकोस. निवेदनात तीन ओळी घालायला लाव. खर्च काढताना मजुरी सरकारने ठरवलेल्या किमान दराने धरा आणि ती मजुराला मिळाल्याची नोंद घ्या. खरेदी केंद्रावर गायरान कसणाऱ्याचा माल पंचनाम्यावर घ्या. सन्मान निधी भूमिहीनालाही द्या.

तो गेला. परत आल्यावर निवेदनाची प्रत दाखवली. त्याच्या तीन ओळींची एक ओळ झाली होती: 'शेतमजुरांच्या समस्या सोडवण्यात याव्यात.' अकराव्या क्रमांकावर होती. ज्यांनी निवेदन लिहिले ते त्याच्याशी चांगले वागले म्हणे, चहाही पाजला. पुढच्या हंगामात सोयाबीन काढणीचा एकरी गुत्ता ठरवायला आईबरोबर वस्तीतल्या बाया बसल्या, तेव्हा तो वही घेऊन त्यांच्यात बसला होता. वहीत त्याने आयोगाच्या खर्चाचे आकडे उतरवून आणले होते. बायांनी ते ऐकून घेतले आणि मग आपला दर सांगितला.