माणसं घटली, भाव चढले

मुंबईच्या खानेसुमारीत एक चक्रावून टाकणारी नोंद आहे. २००१ साली कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर जिल्ह्यात ३३.३८ लाख माणसं राहत होती. २०११ साली ती ३०.८५ लाखांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी! बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांमुळेच घरं महागत असतील, तर इथे भाव उतरायला हवे होते. त्याच दशकात ते कडाडले.

आणखी मागे गेलं की कोडं वाढतं. १९२१ साली मुंबईतल्या शंभरातले ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडून गिरण्यांत आलेले आपलेच आजे-पणजे. १९६१ पर्यंत हा आकडा ६४ वर आला आणि पुढेही घटत गेला. बाहेरून आलेल्यांचा वाटा उतरत राहिला, घरासाठीची वणवण मात्र संपली नाही.

माणूस आला की त्याला छप्पर लागतं, पाणी लागतं, हे खरंच. गिरणगावात एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं कोंबलेली असत. म्हणून १९२० साली सरकारने विकास खातं (इंग्रजी आद्याक्षरांत बीडीडी) काढलं, कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला आणि त्यातून वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या. गंमत पुढेच आहे. एवढ्या दाटीच्या शहरात त्यांतल्या कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडल्या. सोयी अपुऱ्या आणि भाडं कामगाराला न झेपणारं!

नव्वद वर्षांनी तोच खेळ मोठ्या पटावर दिसला. २०११ च्या खानेसुमारीत मुंबईतले दहातले चार जण झोपडपट्टीत होते आणि सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. असं का? १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. घरमालकाने डागडुजी सोडली, भाड्यासाठी नवी चाळ बांधणं परवडेना, आणि ‘भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही’ ही धास्ती कायमची बसली. त्यात एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येईल याची मर्यादा. १९९१ च्या नियमांनी शहरात १०० चौरस मीटरच्या भूखंडावर साधारण १३३ चौरस मीटर बांधकामाची मुभा दिली, उपनगरांत १००. समुद्राने वेढलेल्या शहराने वर वाढण्यावरही बंधन घातलं. मग मागणी कुणाचीही असो, इथे जन्मलेल्याची वा कालच उतरलेल्याची, ती भावातच चढणार.

सुविधांचा हिशेबही असाच उलगडतो. जुलै २०१७ पर्यंत महापालिकेचं सर्वांत मोठं उत्पन्न होतं जकात. शहरात येणाऱ्या मालावर ती लागे आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातून जाई. म्हणजे काल आलेला मजूरही वडापाव खाताना पालिकेची तिजोरी भरत होता! तरी ठरावीक तारखेनंतरच्या झोपडीला पालिका नळ देत नसे. तिथलं कुटुंब पाणी विकत घेई, तेही चढ्या दराने. अखेर २०१४ साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पाणी नाकारता येणार नाही.

येणारा माणूस मागणी वाढवतो आणि करही भरतो. त्या पैशातून घर, नळ, दवाखाना वेळेत उभा राहतो की नाही, हे धोरण ठरवतं. भार त्याच्या येण्याने पडतो. टंचाई मात्र आपण इथे बसून केलेल्या नियमांनी घडते.