बोटीचं इंजिन खोलताय? जरा सबुरीनं!

‘डू इट युवरसेल्फ’ म्हटलं की आपली उडी कुठवर? कंप्युटरची रॅम बदलणं, फार तर बाईकचा प्लग साफ करणं. कुरुंदवाडमध्ये मी पाहिलं ते प्रकरण वेगळंच होतं. मे महिन्याचं ऊन, घराचा सोपा, आणि लाकडी घोडीवर अडकवलेलं बोटीचं जुनं ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन! हा काही वीकेंडचा टाइमपास नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं हे गाव. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर कुरुंदवाडला पाण्याचा वेढाच पडला होता. अशा वेळी बोटीत माणसं बसलीत, दोरी ओढली आणि इंजिन सुरूच झालं नाही, तर?

म्हणून पावसाआधी ही खोलाखोली. मामा मूळचे दुचाकीचे मेकॅनिक. आधी त्यांनी स्पार्क प्लगच्या वायरी काढल्या. हे विसरायचं नाही बरं का! सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असतं. हाताने चाक फिरवताना ठिणगी पडली तर इंजिन झटका देतं, आणि बोटं जातात. टाकी आणि पेट्रोलची नळी थेट अंगणात, शेगडीपासून लांब. मग कार्बोरेटर. वर्षभर आत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर झालेला. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. गंमत बघा, हे इथेनॉल उसापासूनही येतं, आणि शिरोळ म्हणजे ऊसच ऊस!

खरी परीक्षा फ्लायव्हीलची. वरचा नट निघाला, पण चाक जागचं हलेना. मी शेजारची हातोडी पुढे केली.

‘‘ओ म्याडम, ठोकायचं न्हाई. इंजिन हाय, नारळ न्हवं!’’

चाकाच्या आत लोहचुंबक असतात, ते तडकतात. खाली क्रँकशाफ्टला मार बसला तर बेअरिंगही जातं. त्यासाठी पुलर लागतो. तो बसवून स्क्रू हळूहळू आवळायचा, मग एकदम ‘टक्क’ आवाज येतो आणि चाक सुटतं. शाफ्टच्या खाचेतली अर्धचंद्रासारखी चावी मामांनी लगेच स्टीलच्या डब्यात टाकली. ती हरवली, तर चाक बसेल पण टायमिंग चुकेल. प्रत्येक भागाला वेगळा डबा आणि वर खडूने नाव... आपल्या फ्रीजमधल्या डब्यांपेक्षा शिस्त जास्त!

हे इंजिन कोकणातून सेकंडहँड आलेलं. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना इतकं धरतात, की बोल्ट फिरण्याऐवजी तुटतो. उपाय? तेल सोडायचं, रात्रभर थांबायचं. तरी नाही हलला, तर पेट्रोलचा लवलेश नाही याची खात्री करून भोवतालचं धातू तापवायचं. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते. घाई करणाऱ्यांनी हे काम सरळ वर्कशॉपला द्यावं, असं माझं स्पष्ट मत. सिलिंडरचा वरचा अख्खा भाग मामांनी उतरवलाच नाही. कॉम्प्रेशन चांगलं होतं. मग उगाच गॅस्केट कशाला फाडायचं?

खालचा गिअरबॉक्स मात्र काढायलाच हवा. आधी त्याचं ऑइल काढलं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. पंखा काढल्यावर कारणही सापडलं. मागे नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळला होता आणि त्याने सील कापलं होतं. पंचगंगेतली जलपर्णी, जाळ्यांचे तुकडे, पुरात वाहून आलेलं काय काय, सगळं पंख्यालाच भेटतं. गिअरची दांडी आधी सोडवायची, मग बोल्ट काढून अख्खा भाग सरळ खाली ओढायचा. त्याच्या डोक्यावर वॉटर पंप आणि त्यात रबराचा छोटा इम्पेलर. इंजिन थंड ठेवणारं पाणी हाच वर चढवतो. पुराच्या गाळाने त्याची पाती झिजून वाकली होती. एवढ्याशा रबरापायी अख्खं इंजिन भर प्रवाहात तापून बंद पडू शकतं.

नवं सील, नवा इम्पेलर, नवं ऑइल. जोडणी झाल्यावर इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून मामांनी दोरी ओढली. कोरडं चालवलं तर इम्पेलर बघता बघता जळतो. तिसऱ्या ओढीला धूर आला, आणि मग मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार.