पांढऱ्या थराची कैफियत

परभणीत ज्या घरी महानगरपालिकेचा नळ आणि अंगणातील बोअर अशी पाण्याची दुहेरी तजवीज असते, त्या घरी गीझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्याच्या तळाशी आणि वैशाखात अहोरात्र फिरणाऱ्या कूलरच्या गवतावर जमणाऱ्या पांढऱ्या थराविषयी तक्रार झाल्यावाचून उन्हाळा सरत नाही. आणि हा थर म्हणजे पाण्यात घातलेल्या ब्लीचिंग पावडरीचा साका होय, असा फैसलाही बहुधा तेथेच होऊन जातो. परंतु निर्जंतुकीकरणासाठी वापरली जाणारी ही पावडर लिटरमागे अवघी काही मिलिग्रॅम असते, आणि ज्या बोअरच्या पाण्याला तिचा कधी स्पर्शही झालेला नसतो तेच पाणी सर्वांत जाड थर देते, हा एकच दाखला तो फैसला रद्द करण्यास पुरेसा आहे.

"आपल्याकडे चुनखडीचे डोंगर नाहीत, मग पाण्यात चुना कोठून येणार?" हा प्रश्न मात्र विचारी माणसाचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या पायांखालीच आहे. जिंतूरच्या टेकड्यांपासून गंगाखेडच्या गोदाकाठापर्यंत पसरलेला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्या बेसाल्टाच्या खनिजांतच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधलेले असतात. पावसाचे पाणी मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून मातीत साठलेला कर्बवायू घेऊन किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपते, आणि ती मूलद्रव्ये विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपाने बरोबर आणते. नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे याच व्यवहाराचे अवशेष होत. उलट पूर्णा नदीवरील येलदरी जलाशयाचे पाणी बव्हंशी पावसाळी ओघळांचे असून खडकाशी त्याचा सहवास अल्प असतो, म्हणून ते बोअरच्या पाण्यापेक्षा सामान्यतः सौम्य असते. एकाच गल्लीतील दोन बोअरची प्रकृतीही निराळी असू शकते, तेव्हा 'परभणीचे पाणी' असे सरसकट बोलणेच मुळात अयथार्थ आहे.

शालेय पुस्तकांनी या पाण्याला 'दुष्फेन' हे अन्वर्थक नाव दिले आहे, कारण साबणाचा फेस होण्याऐवजी त्यात चिकट साका तयार होतो. लोक त्यास 'जड पाणी' म्हणतात. शास्त्रात ती संज्ञा ड्युटेरियमयुक्त पाण्याची आहे, एवढे ध्यानात असावे.

उपकरणांची हानी होते ती कशी? पाणी तापले की बायकार्बोनेटचे विघटन होऊन कर्बवायू निघून जातो आणि अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट जेथे उष्णता सर्वाधिक असते तेथे, म्हणजे नेमके कॉइलवर, चिकटते. हा थर उष्णतेचा मंद वाहक असल्याने कॉइल आतून अधिकाधिक तापते, पाणी मात्र उशिरा ऊन होते, विजेचे बिल वाढते आणि अखेरीस कॉइल जळते. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेले ६० लिटर पाणी रोज गीझरमधून गेले, तर वर्षाकाठी पावणेनऊ किलो क्षार त्यातून प्रवास करतात; त्यांचा अल्पांश जरी आत राहिला तरी काय होईल, हे सांगावयास नको. 'पाणी तापविलेच नाही तर थर धरणार नाही' ही समजूत कूलरने खोटी ठरविली आहे: तेथे पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार टाकीत उरतात, आणि आपण त्यात पुनःपुन्हा नवे पाणी ओततो. म्हणून टाकीतले जुने पाणी अधूनमधून संपूर्ण ओतून देणे हाच तेथील खरा इलाज आहे.

तुरटी फिरवून पाणी 'हलके' होते, ही आपल्या घराघरांतली दृढ श्रद्धा. तुरटी गढूळपणा खाली बसविते. विरघळलेल्या कॅल्शियमला ती हात लावीत नाही. कँडलचा फिल्टर आणि अतिनील किरणांचे यंत्र यांचीही गत तीच. दारोदार दाखविले जाणारे टीडीएस मीटर पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजून एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यात मिठाचा वाटा किती आणि कॅल्शियमचा किती, हे ते सांगू शकत नाही. त्या आकड्यावर भिस्त ठेवून हजारो रुपयांचे यंत्र विकत घेणाऱ्या कुटुंबांविषयी मला मनापासून वाईट वाटते. निश्चित उत्तर प्रयोगशाळेतील अनुमापनात मिळते, ज्यात मद्यासारखा तांबडा झालेला नमुना अंतिम बिंदूला निळा होतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पेयजलाच्या कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे.

मुतखड्याचा दोषही याच पाण्यावर लादला जातो, परंतु तो आरोप सिद्ध झालेला नाही. आपल्या उन्हात पाणी कमी पिणे हेच त्याचे अधिक बळकट कारण आहे.

थर चढलाच, तर सुरीने खरवडू नये. वीज बंद करून, सुटी करता येणारी कॉइल लिंबूसत्त्वाच्या द्रावणात बुडवावी, म्हणजे बुडबुडे येऊन थर सुटतो. गीझरचे तापमान ५० ते ५५ अंशांवर राखले तर तो मुळातच सावकाश साचतो. मृदुकारी यंत्रात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते, सबब ते पाणी यंत्रांना मानवले तरी रक्तदाबाच्या रुग्णाने पिण्यासाठी वेगळी सोय ठेवावी.

आणि ज्यांना प्रयोगशाळा दूर वाटते, त्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्या बाईस विचारावे. नळ चार दिवसांनी येवो की आठ, त्याची एक घागर ती केवळ वरणाकरिता झाकून ठेवते, कारण बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम तुरीच्या डाळीतील पेक्टिनला आवळून धरते आणि डाळ शिजता शिजत नाही.