विश्लेषण : चित्रपट जुना, पोस्टर नवे! ‘पर्यायी पोस्टर’ चाहत्यांना एवढे प्रिय का?

चित्रपट प्रदर्शित होऊन वीस, तीस, अगदी चाळीस वर्षे उलटल्यावर त्याचे नवे पोस्टर निघते. त्याच्या मोजक्या प्रती छापल्या जातात, काही मिनिटांत संपतात आणि चाहते त्या फ्रेम करून घराच्या भिंतीवर लावतात. तिकीट विकायचे नसताना पोस्टर कशासाठी, या प्रश्नाच्या उत्तरात ‘पर्यायी पोस्टर’ या कलाप्रकाराचे मर्म आहे. कॉमिक्सच्या मुखपृष्ठांशीही त्याचे जवळचे नाते आहे. मात्र हक्कांचे नियम, संग्राहकांची सट्टेबाजी आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे या कलेपुढे नवे प्रश्न उभे राहिले आहेत.

पर्यायी पोस्टर म्हणजे काय?

अधिकृत पोस्टर हे जाहिरातीचे साधन असते. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही, त्याला चित्रपटगृहापर्यंत आणणे हे त्याचे काम. त्यामुळे ताऱ्यांचे चेहरे मोठे, नावे ठळक आणि कथेचा फारसा उलगडा नाही, असा त्याचा साचा ठरतो. पर्यायी पोस्टर बहुतेकदा ज्याने चित्रपट पाहिला आहे, कदाचित दहा वेळा पाहिला आहे, त्याच्यासाठी असते. बेल्जियन चित्रकार लोराँ द्युरिए यांनी स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘जॉज’साठी (१९७५) केलेले पोस्टर पाहा. त्यात समुद्रकिनारा आहे, माणसे आहेत, छत्र्या आहेत. त्यातील एका काळ्या छत्रीचा आकार शार्कच्या पाठीवरील पंखासारखा आहे. अक्राळविक्राळ जबडा कुठेच नाही. चित्रपट पाहिलेल्याला ती छत्री दिसताच धस्स होते. इतरांना तो सुट्टीचा एक दिवस वाटू शकतो.

पोलंडमध्ये काय घडले?

या कलेचा सर्वात मोठा ठेवा साम्यवादी पोलंडमध्ये तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील चित्रपट व्यवसाय सरकारच्या हाती गेला. सरकारी संस्थेने हेन्रिक टोमाशेव्हस्की, एरिक लिपिन्स्की यांसारख्या चित्रकारांकडे पोस्टरचे काम सोपवले आणि हॉलीवूडच्या पद्धतीने ताऱ्यांचे चेहरे रंगवण्याचे बंधन त्यांच्यावर आले नाही. १९४८ मध्ये व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात टोमाशेव्हस्की यांनी पाच प्रथम पारितोषिके पटकावली.

पुढे रोमान चेश्लेविच यांनी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’च्या पोस्टरवर (१९६३) नायक-नायिकेऐवजी कवटी आणली. विक्तोर गूर्का यांनी ‘कॅबरे’साठी (१९७३) नर्तकीच्या पायांची मांडणी नाझींच्या स्वस्तिकासारखी केली. रंगमंचावरील झगमगाट आणि बाहेर वाढणारा नाझीवाद, असा सगळा चित्रपट त्या एका चित्रात आला.

यातील विरोधाभास लक्षणीय आहे. राजकीय सेन्सॉरशिप होती; पण चित्रपटांचे वितरण सरकारी असल्याने पोस्टरवर तिकीटविक्रीचा भार नव्हता. बाजाराचे दडपण नसल्याने चित्रकाराला स्वतःचा अर्थ लावण्याची मोकळीक मिळाली. १९६६ मध्ये वॉर्सात आंतरराष्ट्रीय पोस्टर द्वैवार्षिक सुरू झाले, तर १९६८ मध्ये विलानूव येथे केवळ पोस्टरसाठी वाहिलेले संग्रहालय उघडले. १९८९ नंतर खुली अर्थव्यवस्था आली आणि स्टुडिओंची तयार पोस्टर्स तेथेही पोहोचली.

अमेरिकेत ही लाट कशी आली?

अमेरिकेतही एके काळी पोस्टर हे चित्रकाराचे काम होते. सॉल बास यांनी १९५८ मध्ये ‘व्हर्टिगो’साठी केलेली भोवऱ्यात कोसळणारी आकृती अधिकृत पोस्टरवरच होती. ड्रू स्ट्रुझान यांनी ‘बॅक टू द फ्यूचर’ची पोस्टर्स रंगवली. मात्र संगणकावर छायाचित्रे जोडणे सोपे झाले तशी हाताने रंगवलेली पोस्टर्स मागे पडली.

ही पोकळी टेक्सासमधील ऑस्टिन शहरातल्या मोंडोने हेरली. अलामो ड्राफ्टहाऊस या चित्रपटगृहातील टी-शर्टचे छोटे दुकान ही तिची सुरुवात. पुढे तिने रॉक मैफलींची पोस्टर्स करणाऱ्या चित्रकारांना जुन्या चित्रपटांची कामे दिली. ब्रिटिश चित्रकार ऑली मॉस यांनी २०१० मध्ये मूळ ‘स्टार वॉर्स’ त्रयीसाठी केलेल्या पोस्टर्समध्ये पात्राच्या बाह्याकृतीतच त्या भागातील निसर्गदृश्य साकारले होते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयानेही मोंडोची पोस्टर्स जतन केली.

ही पोस्टर्स प्रामुख्याने स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी, प्रत्येक कागद तितक्या वेळा छपाईखाली. सात रंग असतील तर सात फेऱ्या. त्यामुळे रंग कमी आणि कल्पना नेमकी ठेवण्याची शिस्त चित्रकाराला आपोआप लागते.

कॉमिक्सशी नाते काय?

कॉमिक्सच्या मुखपृष्ठालाही तोच पेच असतो. ते दुकानात लांबून ओळखू यावे, म्हणून नायक समोर हवाच, असा जुना दंडक. डेव्ह मकीन यांनी तो मोडला. १९८९ ते १९९६ या काळात निघालेल्या ‘सँडमन’ मालिकेच्या ७५ अंकांची मुखपृष्ठे त्यांनी केली. छायाचित्रे, रंगकाम आणि खऱ्या वस्तू एकत्र करून घडवलेल्या या मुखपृष्ठांपैकी अनेकांवर नायकच नाही; आहे ते कथेचे वातावरण. चित्रकारांची देवाणघेवाणही झाली. जॉक, फ्रान्चेस्को फ्रान्काव्हिला यांसारखे कॉमिक्समधील चित्रकार चित्रपटांच्या पर्यायी पोस्टर्सकडे वळले. एका चौकटीत गोष्ट सांगण्याची सवय त्यांना होतीच.

कॉमिक्सने एक इशाराही देऊन ठेवला आहे. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला. पाचही हवेत म्हणून, तसेच उद्या भाव येईल म्हणून लोकांनी ते विकत घेतले. ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. पण घरोघरी असलेली वस्तू दुर्मीळ कशी ठरणार? सट्ट्याचा फुगा फुटला, अनेक दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हक्क कोणाचा आणि पैसा कोणाला?

चित्रपटाचे नाव, पात्रे आणि दृश्ये यांचे हक्क निर्मात्यांकडे असतात. परवानगीशिवाय पोस्टर छापून विकल्यास कारवाई होऊ शकते. कलाकाराचा चेहरा वापरायचा तर अनेकदा त्याची वेगळी मंजुरी लागते. अनेक पर्यायी पोस्टर्सवर चेहऱ्याऐवजी एखादी वस्तू, सावली किंवा जागा दिसते, त्यामागे कल्पकतेबरोबर हेही कारण असते.

फेरविक्रीत पोस्टरचा भाव वाढला, तरी ती वाढ सहसा विकणाऱ्याला मिळते, चित्रकाराला नाही. मोठ्या कंपन्यांच्या हाती गेल्यावर काय होऊ शकते, याचे उदाहरण मोंडोच आहे. २०२२ मध्ये खेळणी बनवणाऱ्या फंको कंपनीने तिला विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी मोंडोला घडवणाऱ्या प्रमुखांसह अनेकांना कामावरून कमी केले.

महाराष्ट्रात अशी परंपरा आहे का?

चित्रपटाचा अर्थ कुंचल्याने सांगण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. आपल्या मूकपटांची पोस्टर्स ते स्वतः रंगवत. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ मधील पोस्टर हे उपलब्ध भारतीय चित्रपट पोस्टर्सपैकी सर्वात जुन्यांत गणले जाते. मुंबईत हाताने रंगवलेल्या बॅनरची जागा पुढे डिजिटल छपाईच्या फ्लेक्सने घेतली आणि रंगवणारे हात बेकार झाले.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे काय बदलेल?

एखाद्या चित्रपटाचे ‘पोलिश शैलीतील’ पोस्टर आता काही सेकंदांत तयार होते. २०२४ मध्ये ‘सिव्हिल वॉर’ चित्रपटासाठी ए२४ कंपनीने अशी कृत्रिम चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा चाहत्यांनी चुका दाखवून दिल्या. शिकागोतील शेजारी-शेजारी असलेले दोन मनोरे त्यात नदीच्या दोन काठांवर गेले होते. शिवाय चित्रांतील दृश्ये चित्रपटात नव्हतीच.

अशा चुका तंत्रज्ञान सुधारेल तसे टळतीलही. मूळ मुद्दा वेगळा आहे. ‘जॉज’मधील भीती शार्क दिसत नाही तोवरच अधिक असते, हे ज्याला पाहताना जाणवले, त्यालाच ती काळी छत्री सुचली. यंत्राला शैलीची नक्कल करता येते. चित्रपट पाहताना पोटात आलेला गोळा त्याच्याकडे नसतो. त्यामुळे या कलेचे भवितव्य बऱ्याच अंशी चाहत्यांच्याच हाती आहे. पोस्टर घेताना ते रंगवणाऱ्याचे नाव विचारणारे आणि त्याच्या मेहनतीचे मोल देणारे ग्राहक जोवर आहेत, तोवर असे चित्रकारही टिकतील.