घशाच्या कर्करोगानंतरचे किरणोपचार : त्रास आणि उपाय

घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, म्हणजे आजार संपला, असा समज सर्वत्र आढळतो. त्यामुळे पुढे किरणोपचार घेण्याचा सल्ला मिळाला की कुटुंबीय गोंधळून जातात. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्कपेशी त्या जागी अथवा मानेतील गाठींमध्ये उरण्याचा संभव असेल, तर त्या नष्ट करण्यासाठी हे उपचार दिले जातात. शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर, शक्यतो सहा आठवड्यांच्या आत, ते सुरू होणे इष्ट असते. साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे सहा ते साडेसहा आठवड्यांत ३० ते ३३ मात्रा देण्यात येतात.

ग्रामीण भागात या उपचारांना 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात. प्रत्यक्षात यंत्राखाली असताना रुग्णाला चटका बसत नाही आणि वेदनाही होत नाहीत. बाहेरून दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. म्हणून रुग्णाजवळ लहान मुलांनी बसण्यास अथवा घरातील मंडळींनी एकत्र जेवण्यास कोणतीही हरकत नाही. कर्करोग हा स्पर्शाने पसरणारा रोगही नव्हे.

त्रास केव्हा आणि का होतो?

किरणांचा परिणाम कर्कपेशींबरोबर तोंड व घशाच्या नाजूक अंतस्त्वचेवर, लाळग्रंथींवर आणि मानेच्या कातडीवरही होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, गिळताना वेदना होतात, लाळ घट्ट होते व अन्नाची चव जाते. मानेची कातडी लाल वा काळसर पडते. थकवा वाढतो. उपचारांच्या अखेरीस व त्यानंतरचे एक-दोन आठवडे हा त्रास सर्वाधिक असतो. पुढे तो हळूहळू ओसरतो.

नेमक्या याच काळात अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडून गावी परततात. ही गोष्ट घातक ठरते. उपचारांत खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो आणि आधीच्या मात्रांचा लाभ कमी होतो. त्रास असह्य झाल्यास उपचार थांबविण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. वेदनाशामक औषधे, घसा बधिर करणारी द्रावणे आणि आवश्यक तर नाकावाटे अन्ननळी, असे उपाय उपलब्ध आहेत. अन्ननळी घालणे म्हणजे प्रकृती खालावल्याची खूण नव्हे. वजन टिकविण्याचे ते साधन आहे.

घरी घ्यावयाची काळजी

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व तेवढाच खाण्याचा सोडा मिसळून दिवसातून अनेक वेळा चुळा भराव्यात. दात मऊ ब्रशने घासावेत. तंबाखू, विडी, गुटखा, मशेरी व मद्य पूर्णतः वर्ज्य करावे. त्यांमुळे जखमा चिघळतात आणि उपचारांचा गुणही कमी येतो.

आहारात मऊ भात व तूप, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीची खीर, अंडे, शिजवून घोटलेल्या भाज्या असाव्यात. तिखट, आंबट, कडक व अति गरम पदार्थ टाळावेत. एकाच वेळी पोटभर खाण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे घ्यावे. नळी असली तरी डॉक्टरांच्या संमतीने घोट-घोट गिळण्याचा सराव चालू ठेवावा, अन्यथा गिळण्याचे स्नायू आखडतात. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायामही रोज करावा.

मानेवर हळद, तेल, बाम वा गावठी लेप लावू नये. कोमट पाण्याने हलकेच धुऊन कातडी टिपून घ्यावी, वस्तरा फिरवू नये व उन्हात जाताना सैल सुती कापड वापरावे.

दीर्घकाळचे परिणाम

तोंडाचा कोरडेपणा वर्षानुवर्षे टिकू शकतो. लाळ कमी झाल्याने दात लवकर किडतात. म्हणून उपचारांपूर्वीच दातांची तपासणी करून घ्यावी. पुढे कधीही दात काढण्याचा प्रसंग आल्यास, किरणोपचार झाल्याचे दंतवैद्यास आधी सांगणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो. अवटु म्हणजेच थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावू शकते, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी रक्ततपासणी करावी.

संपूर्ण स्वरयंत्र काढलेला रुग्ण मानेवरील छिद्रातूनच श्वास घेतो. हे छिद्र स्वच्छ व ओलसर जाळीदार कापडाने सैलसर झाकलेले ठेवावे. आंघोळीचे पाणी त्यात जाऊ देऊ नये. अशा रुग्णास प्राणवायू देण्याची वेळ आल्यास तो मानेच्या छिद्राशी द्यावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना याची पूर्वकल्पना द्यावी. श्वास अडणे, रक्तस्राव, ताप किंवा पाणीही न गिळता येणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

गावाची जबाबदारी

उपचारांसाठी रुग्णाला सहा-सात आठवडे शहरात राहावे लागते. शेतीची कामे, मजुरी, मुलांची शाळा यांची चिंता हेही उपचार सोडण्याचे मोठे कारण असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेभाड्यातही सवलत मिळते. स्वरयंत्र काढल्यामुळे कायमची वाचा गेल्यास, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये त्याची गणना वाचा व भाषा दिव्यांगत्वात केलेली आहे. ही माहिती पंचायत सदस्यांनी त्या घरापर्यंत पोहोचवावी, कागदपत्रे जुळविण्यास साहाय्य करावे. शिक्षकांनी मुलांची समजूत घालून आजाराविषयीची भीती दूर करावी, तर कार्यालयप्रमुखांनी रजेचे प्रकरण तत्परतेने निकालात काढावे. उपचारांची शेवटची मात्रा पूर्ण होईपर्यंत रुग्ण टिकून राहिला, तरच शस्त्रक्रियेचे श्रम सार्थकी लागतात. त्यासाठी रुग्णाच्या धैर्याला गावाचा आधार मिळणे अगत्याचे आहे.