ओळखा पाहू हे स्थळ!

मुलांनो, नाईल नदीचा पश्चिम तीर, लगतच वाळवंट आणि त्यात त्रिकोणी अंगांच्या प्रचंड दगडी वास्तू, एवढे सांगताच तुम्ही इजिप्तमधील पिरॅमिड ओळखाल. आता आपल्या जालना जिल्ह्यातील एक गाव ओळखा. जवळच केळणा व जुई या नद्यांचा संगम आहे. दोन्ही नद्यांमधील चिंचोळ्या भूमीवर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांचे घनघोर युद्ध झाले.

होय, ते गाव असई!

त्या दिवशी इंग्रज सेनापती वेलस्ली यालाही असेच कोडे पडले होते. केळणेला जवळपास उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. इतक्यात दुर्बिणीतून त्याला दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. एवढ्या जवळच्या गावांतील माणसे नदी ओलांडून जात-येत नसतील, हे कसे संभवेल? तेथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. उतार खरोखरच सापडला, आणि मराठ्यांच्या तोफा धडाडत असतानाच त्याचे सैन्य पार झाले. आपल्या नदीची खूण परक्याने ओळखावी, हे आपले दुर्दैवच!

मात्र हा जय त्याला फार महाग पडला. त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. याच वेलस्लीने १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला. तरी आपली सर्वोत्तम लढाई म्हणून तो असईचेच नाव घेई.