घरचा संगणक : खोडवा राखावा की नवी लागण?

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. त्याने संगणक बंद पडत नाही. पण रोग आला तर फवारणी नाही, अशी गत होते.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन आपले यंत्र चालेल की नाही ते सांगते. टीपीएम कित्येकदा असते, पण बंद ठेवलेले असते; ते सुरू करून घ्यावे.

पद्धती दोन. जुन्यावरच नवी प्रणाली चढविली तर तो खोडवा : फायली सहसा जागेवर राहतात. डिस्क पुसून घातली तर ती नवी लागण : रान स्वच्छ, पण आतले सारे गेले. सातबारा, ऊसबिले, पोरांचे दाखले पुन्हा कोठून आणणार? म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, आधी सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवा, उघडून पाहा, मगच हात घाला. लोडशेडिंगची वेळ टाळा.

यंत्र जुने असेल तर भंगारात घालू नका. लिनक्स मिंट फुकट मिळते. त्यावर पत्रे, हिशेब, इंटरनेट ही कामे भागतात.